कॉफीच्या डब्यातले दोनशे अकरा मीटर

त्या नोव्हेंबरात हेस्नेरुप गावात एकच गोष्ट तोंडोतोंडी होती: आयनार थ्रानेने गावाची टीव्हीची केबल फावड्याने तोडली. कुणी म्हणे रागाच्या भरात, कुणी म्हणे थंड डोक्याने, आणि बेकरीवाल्या बाईंच्या मते तर चक्क शीळ घालत. पुरावा रिग्मोरकडे होता. रिग्मोर ही गावाची केबल चालवणाऱ्या आमच्या अँटेना मंडळाची खजिनदार. ती 'हो' म्हणताना श्वास बाहेर सोडत नाही, आत ओढते, जणू सोडला तर कुणीतरी पळवून नेईल.

"मी स्वतः पाहिलं," ती सहकारी दुकानात चीजच्या काचेपाशी उभी राहून सांगत होती. "मंगळवारी, भर दुपारी. हातात फावडं, आणि केबलच्या हिरव्या पेटीपासून चार पावलांवर."

"चारच?"

"हो!" आणि श्वास आत.

मंगळवार खरा होता. फावडं खरं होतं. चार पावलंही खरी, कारण ती हिरवी पेटी आयनारच्या परसाला लागूनच उभी आहे. पण तो तिथे गाजरं काढत होता. जमीन गोठायच्या आत गाजरं काढावी लागतात, हे रिग्मोरला माहीत नसायला ती काही कोपनहेगनहून आलेली नव्हती. आयनारने तीन दिवस गाजराचं सूप प्यायलं, आणि त्या तीन दिवसांत गावाने त्याला गुन्हेगार ठरवून टाकलं.

संशयाला खतपाणीही भरपूर होतं. शहाऐंशी साली गावाने ही केबल स्वतःच्या हातांनी पुरली होती. दर शनिवारी बायकापुरुष फावडी घेऊन जमायचे, आणि आयनार दोरी ताणून पुढे चालायचा. साखर कारखान्यात तो मोजमापाच्या यंत्रांचा मिस्त्री होता. केबलचा प्रत्येक सांधा त्याने जोडला, नकाशा त्याने काढला, आणि पुढे सव्वीस वर्षं मंडळावर बसून दुरुस्त्याही त्यानेच केल्या. मग त्याच वर्षी मार्चच्या सभेत मंडळाचा अध्यक्ष फ्लेमिंग बुनगॉर उभा राहिला. फ्लेमिंग बोलण्याआधी नाकाने एवढा मोठा श्वास घेतो की वाटतं आता हा पाण्यात उडी मारणार.

"आता मी काही म्हणत नाही," फ्लेमिंग म्हणाला, "पण मंडळाला नवं रक्त हवं."

हात वर झाले. आयनार मंडळाबाहेर गेला. त्याला वाईनची बाटली दिली, टाळ्या वाजवल्या, आभार मानले. पेटीची किल्ली रिग्मोरने तिथल्या तिथे परत घेतली. नकाशा मात्र कुणी मागितला नाही. तो आयनारच्या टेबलाच्या खणात राहिला.

आणि आता नोव्हेंबरात पहिल्या पेटीपुढचं सगळं उत्तरेकडचं गाव अंधारात. पडद्यावर नुसत्या मुंग्या. आयनारचं घर पेटीच्या अलीकडे, त्याच्या टीव्हीवर चित्र स्वच्छ. डिसेंबरात बायकांच्या हँडबॉलचे सामने सुरू होणार होते, आणि हँडबॉल बुडाला तर हेस्नेरुपमध्ये कुणाला तरी सुळावर चढवणं भागच होतं.

मंडळाने शहरातल्या एका कंपनीचा माणूस बोलावला. मिकेल नावाचा, मानेवर गोंदलेला, खिशात कायम एनर्जी ड्रिंकचा डबा. त्याच्याकडे पिवळं यंत्र होतं, फ्लेमिंगच्या गाडीइतकं महाग, असं फ्लेमिंगच सांगायचा. मिकेलने ते पेटीत जोडलं, बटण दाबलं आणि म्हणाला, "दोनशे बासष्ट मीटर. इथून."

दोनशे बासष्ट मीटरवर रिग्मोरचा कुरळ्या कोबीचा वाफा होता. नाताळासाठी राखलेला. तो पुरता उखडला. खाली केबल सापडली, धडधाकट. मिकेलने डोकं खाजवलं, आणखी दोन मीटर खणलं, आणि मग म्हणाला, "सगळीच सडलीय ही. फेकून द्या. मोठ्या कंपनीला विकून टाका आणि मोकळे व्हा."

फ्लेमिंगने नाकाने श्वास घेतला. "आता मी काही म्हणत नाही, पण केबल आपणहून तुटत नाही."

हे आयनारला दुकानातल्या रांगेत कळलं. मागून कुणीतरी म्हणालं, "काय रे आयनार, आज फावडं घरीच ठेवलंस का?" आणि रांग हसली. आयनार उंच आणि वाकलेला, घरातलं छत खाली असल्यासारखा चालतो. तो वळला नाही. "असेल," म्हणाला. हे त्याचं सगळ्यांवरचं उत्तर. पाऊस येईल? असेल. म्हातारा झालास? असेल. बायको ओडेन्सला निघून गेली तेव्हाही, सांगतात, तो दारात उभा राहून एवढंच म्हणाला होता.

पण घरी गेल्यावर त्याने सूप गरम केलं नाही. गॅरेजमध्ये जाऊन दिवा लावला.

मिकेलचा आकडा चुकला हे त्याला ऐकताक्षणीच कळलं होतं. का चुकला तेही. केबलमध्ये विजेचा संदेश जितक्या वेगाने धावतो तो वेग आतल्या प्लास्टिकवर ठरतो. आताच्या केबलींत फेसाळ, हलकं प्लास्टिक असतं, त्यात तो भरधाव जातो. शहाऐंशीच्या केबलीत घट्ट, मेणासारखं प्लास्टिक, त्यात तो रेंगाळतो. मिकेल जन्माला आला तेव्हा ही केबल जमिनीत मुरली होती. त्याने नव्याचा वेग जुन्याला लावला, आणि यंत्र बिचारं खरं बोलत असूनही पुढे धावलं. किती पुढे, ते मिकेलने कोणता वेग लावला होता त्यावर होतं, आणि मिकेलला स्वतःलाच ते सांगता आलं नव्हतं. आयनारने फोन करून विचारलं होतं.

"अरे, ते आपोआप असतं," मिकेल म्हणाला होता.

म्हणून आयनारने स्वतःचं यंत्र बांधायला घेतलं. पैज मारण्यासाठी नाही, गावाला नाक मुरडून दाखवण्यासाठीही नाही. त्याला आपलं नाव परत हवं होतं. केबल कुठे तुटली हे मीटरमध्ये सांगता आलं, तिथे खणलं, आणि तिथे फावड्याचा घाव नाही हे गावाने आपल्या डोळ्यांनी पाहिलं, तर रांगेतलं हसू थांबणार होतं. दुसरा उपाय नव्हता. गाजरांची साक्ष कोण काढणार?

यंत्राची कल्पना साधी होती. केबलीत विजेची एक टिचकी मारायची. ती तुटलेल्या टोकापर्यंत धावत जाणार, तिथे आपटून परत येणार, आणि आली की तिच्याच धक्क्याने पुढची टिचकी सुटणार. भिंतीवर चेंडू मारत बसल्यासारखं. भिंत जवळ असली तर सेकंदाला फेऱ्या जास्त, लांब असली तर कमी. फेऱ्या मोजल्या की लांबी हातात.

कल्पना साधी, पण हात अडुसष्ट वर्षांचे. पहिली चिप डागताना जळली. दुसरी जळली नाही, पण मोजायची मात्र भलतंच: स्वयंपाकघरातला फ्रीज सुरू झाला की आकडे बावचळायचे. मग त्याने सगळं कॉफीच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं, तेव्हा फ्रीजची लुडबूड थांबली. तिसरी चिप डब्याच्या कडेला टेकून धूर सोडून गेली. चौथी टिकली. आकडे दाखवायला त्याने घड्याळाचा रेडिओ फोडला, कारखान्याच्या हंगामात त्याला तीस वर्षं पहाटे उठवणारा. त्याचे लाल आकडे डब्याच्या तोंडाशी लावले. डबा गरम झाला की गॅरेजभर कॉफीचा वास सुटायचा.

वेगाचा प्रश्न त्याने आणखी साध्या पद्धतीने सोडवला. वेग हवाच कशाला? त्याच रिळातलं उरलेलं चाळीस मीटर केबलचं वेटोळं गॅरेजच्या खिळ्यावर सव्वीस वर्षं लटकत होतं. रविवारी सकाळी त्याने ते शाळेच्या मैदानावर पसरलं, कारखान्यातल्या पोलादी टेपने नीट मोजलं आणि डब्याला जोडलं. आता डब्याला माहीत झालं की या जातीचे चाळीस मीटर कसे दिसतात. उरला नुसता हिशेब.

समोरच्या खिडकीतला पडदा हलला. "आता शाळेची तोडतोय," संध्याकाळपर्यंत बातमी पोचली.

सगळं तयार होतं, नव्हती ती पेटीची किल्ली. ती रिग्मोरच्या स्वयंपाकघरात, फळीवरच्या कपात.

"किल्ली?" रिग्मोर म्हणाली. दारात उभी, दार अर्धंच उघडलेलं. "राहिलेलं संपवायचंय का?"

"मोजायचंय."

"मोजून झालंय. माझ्या कोबीवर मोजून झालंय."

"कोबीवर चुकीचं मोजलं."

"म्हणजे माझा कोबी फुकट गेला म्हणतोस?"

"असेल."

ती त्याच्या हातातल्या डब्याकडे बघत राहिली. "ही ती स्वस्तातली कॉफी ना?"

"डबा चांगला आहे."

शुक्रवारी मोठा सामना होता. रिग्मोरने श्वास आत ओढला, कप हलवला, किल्ली काढली. "मी बरोबर येणार. आणि फ्लेमिंगला बोलावणार."

तर गुरुवारी दुपारी पेटीपाशी तिघं उभी होती, आणि रस्त्यापलीकडे कुत्रा फिरवायला आल्यासारखे आणखी सहासात, त्यातल्या चौघांकडे कुत्राच नव्हता. आयनारने केबलचं टोक डब्याला जोडलं. लाल आकडे लुकलुकले, स्थिरावले. त्याने पाकिटाच्या मागे भागाकार केला. मग पुन्हा जोडलं, पुन्हा भागाकार. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्याचा चेहरा उतरला, पण हे कुणी बघत नव्हतं, सगळे डब्याकडे बघत होते.

"किती?" फ्लेमिंग म्हणाला.

"दोनशे अकरा."

"पिवळ्या यंत्राने दोनशे बासष्ट सांगितलं. आता मी काही म्हणत नाही, पण ते यंत्र आहे, आणि हा डबा आहे."

आयनारने नकाशा उलगडला, टेप लावला आणि केबलच्या वाटेने चालू लागला. मागे गाव. विहिरीपाशी वळण, जुन्या डेअरीच्या भिंतीकडेने सरळ, फ्लेमिंगच्या कुंपणातून आत, हिरवळीवर. शंभर, दीडशे, दोनशे. दोनशे अकरावर टेप थांबला. समोर फ्लेमिंगचा झेंड्याचा खांब उभा होता, पांढराशुभ्र, वर सोनेरी गोळा, खाली सिमेंटचा ओटा.



हा खांब सगळ्या गावाने दिलेला. मे महिन्यात फ्लेमिंग साठीचा झाला तेव्हा. साठीला खांब द्यायचा, पाहुण्यांनी मिळून खड्डा खणायचा, खांब उभा करायचा, झेंडा चढवायचा आणि त्रिवार जयघोष करायचा, ही आमची रीत. त्या दिवशी फावडी कमी आणि खणायला उत्सुक लोक जास्त होते. प्रत्येकाने एक-दोन ढेकळं तरी काढली. रिग्मोरने उंच टाचांचे बूट घालून काढली. पहार कुणाच्या हातात होती हे आता कुणालाच आठवेना.

आयनारला मात्र तो दिवस आठवत होता. तोही तिथे होता, कडक दारूचा छोटा पेला हातात घेऊन, लायलॅकच्या झुडपापाशी. मंडळातून काढलं म्हणून पाहुण्यांतून कुणी काढत नाही. खड्डा कुठे पडतोय ते तो बघत होता. केबल इथूनच कुठेतरी जाते, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. कदाचित हातभर इकडे, कदाचित हातभर तिकडे. तो वाट बघत होता. कुणीतरी वळेल आणि म्हणेल, आयनार, इथे खाली काही नाही ना रे? कुणीच वळलं नाही. मग तोही गप्प राहिला. पहार खाली गेली, सिमेंट ओतलं, झेंडा चढला, आणि आयनारने पेला वर करून तीनदा जयघोष केला, सगळ्यांबरोबर, मोठ्याने.

डबा बांधताना सगळा वेळ त्याला आकडा दुसरा यावा असं वाटत होतं. म्हणून तो तीनदा मोजत होता.

"खांबाखाली?" फ्लेमिंगचा आवाज चढला. "हा सगळ्या गावाचा खांब आहे!"

"माहीत आहे," आयनार म्हणाला. "माझाही वाटा आहे त्यात."

शुक्रवारचा सामना नसता तर तो खांब आजही तिथेच असता. पण फ्लेमिंगच्या पडद्यावरही मुंग्याच होत्या. शुक्रवारी सकाळी खांब आडवा केला, ओटा फोडला. सिमेंटच्या तळाशी, पहारेच्या टोकाएवढ्या खोबणीत, केबल चेचलेली होती. आत पाणी शिरून तांबं हिरवं पडलेलं. पहारेने तोंड फोडलं, पाण्याने सहा महिन्यांत बाकीचं काम केलं. फावड्याचा तिथे काही संबंध नव्हता.

सगळ्यांनी वाकून पाहिलं. मग सगळे सरळ झाले आणि एकमेकांच्या बुटांकडे बघू लागले.

"कुणी खणलं होतं इथे?" एकजण म्हणाला, आणि त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

आयनार खड्ड्यात उतरला, गुडघे टेकले, नवा तुकडा जोडला, सांधा गुंडाळला. आत घरातून कुणीतरी ओरडलं, "आलं! चित्र आलं!" आणि हिरवळ क्षणात रिकामी झाली. सगळे फ्लेमिंगच्या दिवाणखान्यात. दार बंद झालं. बंद दारातून समालोचकाचा आवाज, मग आरडाओरडा, मग पेल्यांची किणकिण. कॉफीचा वास आला, तो मात्र डब्यातून नव्हता.

मी तेव्हा कुंपणापाशी होते. आयनार अजून खड्ड्यातच होता, उठायला हात शोधत होता. मी हात दिला.

"आता जानेवारीच्या सभेत बघ," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर आभार मानतील. मानावेच लागतील."

"नाही मानणार."

"आयनार, इथे लोक मीठ पुढे सरकवलं तरी आभार मानतात! महिन्यापूर्वी भेटलो त्याचे आज रस्त्यात गाठून मानतात. आणि तुझे नाही?"

"लाव पैज," तो म्हणाला. "हरेल त्याने हा खड्डा बुजवायचा. हे लोक बुजवणार नाहीत."

मी हसत हसत हात पुढे केला.

सभा जानेवारीच्या शेवटी, गावाच्या सभागृहात भरली. वेलची घातलेले बन, कॉफी, खुर्च्या ओढण्याचा आवाज. केबल मोठ्या कंपनीला विकायचा ठराव आला, हात वर झाले, मंजूर. मंडळ संपलं. मग फ्लेमिंग उठला, नाकाने श्वास घेतला, आणि आभार सुरू झाले. बनांसाठी रिग्मोरचे आभार. खुर्च्यांसाठी शाळेचे आभार. तत्पर सहकार्यासाठी मिकेलच्या कंपनीचे आभार. "आणि आता मी काही म्हणत नाही," फ्लेमिंग म्हणाला, "पण दुरुस्तीसाठी काही जणांना आपली बाग खणू द्यावी लागली." टाळ्या. रिग्मोर उठून वाकली. फ्लेमिंगही थोडासा वाकला.

"आणखी कुणाला काही बोलायचंय?"

मागच्या रांगेत खुर्ची करकरली. आयनार उभा राहिला. हात कोटाच्या खिशात. सभागृहात चमचे थांबले. त्या शांततेत कळत होतं की प्रत्येकाच्या हातात अजून ती पहार आहे.



"कॉफीबद्दल आभार," तो म्हणाला आणि बसला.

सुटकेचा उसासा एवढा मोठा होता की टेबलांवरच्या मेणबत्त्यांच्या ज्योती हलल्या. लगेच कुणीतरी गाणं सुरू केलं.

बाहेर सायकलीपाशी त्याने खिशातला कागद काढून मला दाखवला. चार ओळी, कारखान्याच्या नोंदवहीतल्यासारख्या टापटीप अक्षरात: मे महिन्यात मी तिथे होतो. केबल जवळ आहे हे मला माहीत होतं. मी बोललो नाही. ही चूक माझीही आहे.

"मग वाचलं का नाहीस?"

"एकाने जरी आभार मानले असते तर वाचणार होतो," तो म्हणाला. कागदाची घडी त्याने परत तशीच घातली. "आता गावात म्हणतायत, केबल मीच मुळात उथळ पुरली होती. ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. रिग्मोरच्या आवाजात, श्वासासकट.

"असेल," मी त्याच्या आवाजात म्हणाले. तो हसला नाही.

"फावडं माझ्याकडचं ने," तो म्हणाला. "चांगलं आहे."

दुसऱ्या दिवशी मी फ्लेमिंगच्या हिरवळीवर होते. खड्डा तसाच उघडा, तळाशी बर्फ, काढलेली माती विटेसारखी कडक. दोन ढेकळं फुटेपर्यंत तळव्याला फोड आला. पाव मीटर भरला असेल तेव्हा मागचं दार उघडलं आणि फ्लेमिंग बाहेर आला, पायात लोकरीच्या सपाता, हातात कप.

त्याने नाकाने श्वास घेतला.

"आता मी काही म्हणत नाही, पण कुणीतरी हे मनावर घेतलं ते फार बरं झालं. अगदी मनापासून आभार हं!"

मी मान हलवली. त्याची नजर फावड्याच्या दांड्यावर गेली. तिथे 'आ. थ्रा.' अशी अक्षरं कोरलेली होती.

"हे आयनारचं का?"

"हो."

त्याने कॉफीचा घोट घेतला आणि दाराकडे वळला. मग उंबऱ्यावर थांबून म्हणाला:

"जपून चालव बरं का. खाली केबल आहे."